मशीन बंद करायचं नाही

१

कापणीमामाची दोन बोटं मी स्वतः पुठ्ठ्याच्या कतरणीतून वेचली. बाकी सगळे शिकले-सवरलेले, ते ओरडत उभे होते. मी बोटं स्वच्छ फडक्यात गुंडाळली, थोरल्या मुलाच्या हातात दिली आणि म्हटलं, "मामाला घे आणि दवाखान्यात पळ. तोंड नंतर वाजव."

मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. आमचा खोक्यांचा कारखाना आहे. औषधांची खोकी, बुटांची खोकी, कुणाला हवी तशी. मी आणि माझ्या नवऱ्यानं एका खोलीत सुरू केला. नवरा गेला, खोल्या चार झाल्या. कापणीमामा पहिल्या दिवसापासून आमच्याकडे पुठ्ठा कापतो. सव्वीस वर्षं पात्यासमोर उभा राहिला, नखाला ओरखडा नाही.

त्यातून चार वर्षांपूर्वी थोरल्या सुनेनं त्या जुन्या मशीनला संगणक जोडला आणि कॅमेऱ्याचा डोळा बसवला. पात्याखाली हात दिसला की पातं वरच्या वर थांबतं. प्रत्येक कापाआधी मशीन दोन सेकंद बघतं, मग पडतं. त्या दोन सेकंदांना मी 'थोरलीचा उसासा' म्हणायचे. मला ती सून कधी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. बोलते कमी आणि बघते जास्त.

त्या दुपारी एक कपटा अडकला. मामानं रोजच्या विश्वासानं हात घातला आणि पातं पडलं.

खळवालीनं, म्हणजे खोक्यांना खळ लावून चिकटवणाऱ्या बाईनं, धावत जाऊन लाल बटण दाबलं. पातं गार झालं. धाकटा मुलगा पांढराफटक पडला होता. "आई, मेन बटण बंद कर. अजून कुणाचा हात जायचा."

मी मनात म्हटलं, बघा, काळजी कुणाला आहे ते. बटणाकडे हात नेला तर काचेच्या खोलीतून सून अशी धावत आली की चप्पल एकीकडे आणि ती दुसरीकडे.

"आई, मशीन बंद करायचं नाही!"

मामाचं रक्त अजून वाळलं नव्हतं आणि हिला मशीनचं पडलं होतं. मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर जमिनीत गेली असती. ही जागची हलली नाही.

मग धाकटा म्हणाला, "सांगू का आईला, वहिनी? सकाळी अकराला तुम्ही चालू मशीनवर प्रोग्रॅम नवा बांधलात. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"हो," ती म्हणाली. "अकरा दहाला."

२

दोन वाजता थोरला दवाखान्यातून आला. बोटं जोडता आली नव्हती. येताना वाटेत कुठूनतरी एक कागद टाइप करून आणला होता. काचेच्या खोलीत बायकोसमोर ठेवला आणि पेन उघडून दिलं. इतकं तत्पर मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं. मला चार ओळी वाचायच्या तर अर्धा तास लागतो.

"तिच्या चुकीमुळे अपघात झाला असं. चार वाजता सरकारी तपासनीसबाई येतायत. नाव कुणाचंतरी द्यावंच लागेल, आई. मालक म्हणून धाकट्याचं नाव आहे कागदावर. तो अडकला तर कारखान्याला कुलूप."

"आणि ही अडकली तर?"

तो बायकोकडे न बघता म्हणाला, "हिला पुन्हा कुणी मशीनला हात लावू देणार नाही. खटला होईल. पण कारखाना तरी राहील."

सुनेनं कागद वाचला, पेनाला टोपण घातलं आणि म्हणाली, "चारपर्यंत वेळ आहे ना?"

मी थोरल्याला बाहेर पिटाळलं. सुनेची कड घ्यायला नव्हे. पण माझ्या कारखान्यात कुणाचं बोट गेलं, ते कुणामुळे गेलं, हे मला कळल्याशिवाय कागद हलणार नव्हता.

"बस. आणि मला कळेल असं सांग. बांधणं म्हणजे काय करतेस तू?"

"मी प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल असा लिहिते. मशीनला ते कळत नाही. म्हणून ते मशीनच्या भाषेत बांधावं लागतं. कंपाइल म्हणतात."

"ते कानावरून गेलंय. आज काय बांधलंस?"

"कापांचा आकडा पडद्यावर मोठा केला. मामांना चष्म्याशिवाय दिसत नव्हता. बाकी एका अक्षराला हात लावला नाही."

"अकराला तू हात लावलास, साडेबाराला मामाचा गेला. लहान पोरही दोन आणि दोन चार करील."

"आई, मी चालू मशीनवर नेहमीच बांधते. काम थांबवलेलं तुम्हाला चालत नाही." हे तिनं तोंड वर न करता म्हटलं, पण बसायचं तिथं बसलं. "नवं बांधलेलं नुसतं तिथं जाऊन बसतं. जे चालू आहे ते जुनंच चालू राहतं. संध्याकाळी सहाला मशीन बंद होतं, सकाळी आठला सुरू होतं, तेव्हा ते नवं उचलतं."

"मग आज अपघात झाला तेव्हा आत काय होतं?"

"आज सकाळी आठला जे उचललं ते. आणि ते अजून आत आहे. लाल बटणानं फक्त पातं थांबतं, संगणक नाही. मेन बटण बंद केलं की ते गेलं. मग कुणालाच दाखवता येणार नाही."

"म्हणजे काल कुणीतरी काही बदललं. ते कुणी, हे तुझ्या त्या डब्यात लिहिलेलं नाही?"

"वेळ फक्त शेवटच्या हाताची राहते. मी माझ्या लॅपटॉपवरच्या मूळ प्रतीवरून बांधलं, तेव्हा खालचं सगळं पुसलं गेलं. माझ्याच हातानं."

मी काचेतून बाहेर पाहिलं. दाराशी धाकटा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आई," तो म्हणाला, "आता तरी मेन बटण बंद करूया ना. तारा गरम झाल्यात."

मी उठले, तारांना हात लावला. गार होत्या.

३

मी एक स्टूल घेतलं आणि मेन बटणाच्या बरोबर समोर बसले. म्हटलं, आता ज्याला मशीन बंद करायचंय त्यानं आधी मला बंद करावं.

दुरुस्तीवाल्याला थोरल्यानं बोलावलंच होतं. तो सोमवारी सकाळी येऊन मशीनचा डोळा साफ करून गेला होता. आल्या आल्या हात झटकायला लागला.

"बाई, डोळा मी पुसला, फोडला नाही. उगाच माझ्यावर शेकवू नका."

"अजून कुणी शेकवलं नाही. खाई त्याला खवखवे. प्रोग्रॅमला हात लावलास?"

"मला काय करायचाय तो? आणि तुमच्याकडे कुणीही लावेल. कुलपाचा शब्द पडद्याखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवलाय. किल्ली कुलपालाच टांगलेली."

खरंच होतं ते. चिठ्ठी माझ्याच हुकमानं लावलेली. दर वेळी सुनेला विचारायला जायचं मला कमीपणाचं वाटायचं.

म्हणजे हात कुणीही लावू शकत होतं. थोरल्याला मी मनातून लगेच खोडलं. मोबाईलचा आवाज कमी करायलाही तो बायकोला हाक मारतो. राहिला दुरुस्तीवाला, सून आणि… तिसरं नाव मी मनात घेतलं नाही.

खळवालीला हाक मारली. तिचं टेबल मशीनला लागून. दिवसभर हात खळीत आणि डोळे सगळ्यांच्या कामात.

"काल डोळा पुसल्यावर मशीन नीट चालत होतं?"

"झकास, मावशी. दुपारी मामा चहाला गेले तेव्हा धाकट्या मालकांनी बघितलं की. आधी बराच वेळ पडद्यावर टकटक केली, मग पुठ्ठ्याची नळी पात्याखाली घातली. पातं थांबलं वरच्या वर."

दुरुस्तीवाल्यानं हुश्श केलं. "बघा! डोळा चांगला होता."

तो सुटला हे खरं. पण मला खळवालीच्या तोंडावरचं हसू दिसलं. ती काहीतरी गिळत होती.

"आणि मग?"

"मग काही नाही. मालक चिडले. 'थांबलं मेलं' म्हणाले आणि मशीनला लाथ घातली. मला हसू आलं, म्हटलं एवढं चिडायला काय झालं, नळी वाचली ना?"



४

मला शाळा ठाऊक नाही, पण कारखाना ठाऊक आहे. आणि एक जुनी गोष्ट आठवली.

संगणक नव्हता तेव्हाची. नवरा रोज सकाळी पाटीवर मापं लिहायचा. मामा ती एकदा वाचायचा आणि दिवसभर त्या मापानं कापायचा. एकदा दुपारी नवऱ्यानं पाटी पुसली, दुसरं माप लिहिलं आणि जेवायला गेला. मामा संध्याकाळपर्यंत जुन्याच मापानं कापत राहिला. नवरा भडकला. मामा शांतपणे म्हणाला, "मी सकाळी वाचलं. दुपारी मला परत कुणी वाचायला बोलावलं का?"

मशीनही मामासारखंच. पाटी कधीही पुसा, ते सकाळचं पाठ केलेलंच म्हणणार.

मग मी एकेक जुळवत गेले. सोमवारी दुपारी कुणीतरी पाटी पुसून उलटं लिहिलं: हात बघत बसू नको, सरळ पड. लिहिणाऱ्यानं नळी घालून पाहिली, तर पातं थांबलं. कारण मशीनला सकाळचंच पाठ होतं. त्याला वाटलं आपलं जमलं नाही, चिडला, लाथ मारली, आणि सोडून दिलं. परत नीट केलंही नाही, कुणाला बोललाही नाही. आणि मंगळवारी सकाळी आठला मशीन सुरू झालं, तीनदा वाजलं, पात्यानं रोजच्यासारखा वर-खाली सलाम ठोकला, आणि कालचं लिहिलेलं पाठ केलं.

मशीन सुरक्षित आहे का हे बघणारा माणूस पातं थांबल्यावर खूष होतो. चिडतो तो, ज्याला ते पडायला हवं असतं.

तरी माझं आईचं मन वकिली करत होतं. म्हटलं, मशीन मध्ये बंद-चालू झालं असेल, तर सुनेचंच आत गेलं असेल. पडद्याच्या कोपऱ्यात मशीन सुरू होऊन किती वेळ झाला त्याचा आकडा असतो. आकडे मला वाचता येतात. सहा तास चाळीस मिनिटं. भिंतीवर दोन चाळीस. आठपासून एकदाही बंद नाही.

आणि समोरच्या भिंतीवर मामाच्या खडूच्या रेघा. एका थप्पीला एक रेघ. साडेदहाच्या माझ्या फेरीला तिथं आठ रेघा होत्या. रोज सहा असतात. उसासा नव्हता ना, म्हणून हात भरभर चालला. मी तेव्हा धाकट्याच्या पाठीवर थाप मारून 'शाब्बास' म्हटलं होतं. साडेदहाला! सुनेनं अकरा दहाला बांधायच्या आधी.

धाकटा कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता. अपघात झाल्या झाल्या 'बंद कर' म्हणाला, ते भीतीनं. सुनेचं बोलणं दारातून ऐकल्यावर म्हणाला, ते कळून. तेव्हापासून त्याला माहीत होतं, आणि वहिनीसमोर ठेवलेला कागद तो नुसता बघत होता.

आता दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि त्याला. मेन बटण माझ्या उजव्या हाताशी होतं. एकदा खाली ओढलं की झालं. आतलं पुसलं जाणार, सकाळी सुनेचं चांगलं बांधलेलं चालणार, आणि अपघाताचं कारण म्हणून अकरा दहाचा आकडा जगाला पुरणार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी हात बटणावर ठेवला.

तो माझं शेंडेफळ. बाप गेला तेव्हा चौथीत होता. माझा पदर धरून याच पुठ्ठ्यांच्या थप्प्यांवर झोपायचा.

त्यानं माझा हात पाहिला. मान अगदी थोडी हलवली. 'हो' म्हणाला, आवाज न करता.

त्याऐवजी त्यानं 'नको' म्हटलं असतं, तर मी बहुतेक बटण ओढलं असतं. त्या 'हो'नं माझा हात सुटला.

५

चारला तपासनीसबाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, बोलायला फटकळ. मला आवडल्या. थोरला कागद पुढे करायला लागला, तो मी मध्येच घेतला आणि घडी करून कमरेला खोचला.

"आधी मशीन बघा. नंतर कागद."

सुनेनं चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी पडद्यावरचा आकडा टिपला: आठ तास. लाल बटण सोडवलं. लांब काठीला पुठ्ठ्याची नळी बांधून पात्याखाली धरली आणि स्वतः कळ दाबली.

पातं पडलं. नळीचे दोन तुकडे झाले. खळवाली तोंडावर हात घेऊन भिंतीला टेकली.

"आता मेन बंद करा," बाई म्हणाल्या.

मीच बंद केलं. मीच चालू केलं. तीन टीं-टीं, पात्याचा सलाम. बाईंनी नवी नळी धरली, कळ दाबली. पातं दोन सेकंद थबकलं आणि वरच्या वरच थांबलं. पडद्यावर कापांचा आकडा होता, मोठा, लांबूनही दिसेल असा.

"म्हणजे या बाईंनी आज बांधलेलं बरोबर आहे," तपासनीसबाई म्हणाल्या, "आणि बोटं नेली ती त्याआधीच्यानं. ते कुणाचं?"

"जुन्या मशीनचा दोष असेल, मॅडम," थोरला म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हटलं. मग धाकट्याकडे वळले. "काल दुपारी तू नळी घातलीस. पातं थांबलं. थांबलं, तर लाथ का मारलीस?"

"कुठली लाथ? आई, काय बोलतेस…"

"खळवालीनं पाहिली. उजव्या पायाची होती की डाव्या, तेही सांगेल ती."

तो कधी माझ्याकडे, कधी बाईंकडे बघत राहिला. 

"मला वाटलं झालंच नाही ते. खरंच, आई. मी बांधलं, तपासलं, तरी थांबलं. म्हटलं मला नाही येत. वहिनीला विचारायला लाज वाटली. रात्रीत ते लागू होईल, हे मला… वहिनीनं बांधायला शिकवताना हे कधी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं, भावजी," सून शांतपणे म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुम्ही मोबाईल बघत होतात."

"पण डोळा बंद करायची बुद्धी झाली कशी तुला?" मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं?"

तेव्हा त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तू. रविवारी, सगळ्यांसमोर म्हणालीस. पलीकडच्या कारखान्यात आमच्या दुप्पट माल निघतो, आणि आमचं मशीन प्रत्येक कापाला उसासे टाकतं. माझ्या मुलात धमक असती तर तो उसासा कधीच काढून टाकला असता. तू म्हणालीस, आई."

म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. माझा रोख धाकट्याकडे नव्हताच. बोलत होते त्याच्याशी, ऐकवत होते तिला. लेकी बोले सुने लागे म्हणतात. चार वर्षं मी बोलत आले आणि सुनेला कधी लागलं नाही. लागलं ते लेकाला.

तपासनीसबाई वहीत लिहीत होत्या. मला म्हणाल्या, "हे तुमच्या जबाबात घेऊ का?"

"घ्या," मी म्हटलं. "सगळं घ्या."

६

धाकट्याला बाई बरोबर घेऊन गेल्या. थोरला मागोमाग वकिलाकडे धावला. जाताना बायकोशी एक शब्द बोलला नाही. काय बोलणार? कागद अजून माझ्या कमरेला होता.

सून काचेच्या खोलीत पिशवी भरत होती. लॅपटॉप, नट आवळायचे दोन पाने, एक डबा. मी दारात उभी राहिले. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा पाया पडेल. वेडी आशा म्हातारीची.

"माहेरी चाललीस?"

"आधी मामांकडे. मग बघू."

"मी तुला वाचवलं ना?" हे मला विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं. "पोटच्या पोराला पुढे केलं मी. तुझ्यासाठी."

तिनं पिशवीची चेन लावली. या घरात पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"दोन चाळीसला तुम्ही बटणावर हात ठेवलात, आई. काढलात तेव्हा दोन पन्नास झाले होते. मी काचेतून बघत होते."

"मग धावत का नाही आलीस? दुपारी आली होतीस तशी?"

"मला बघायचं होतं."

  मी दारातून बाजूला झाले.

ती दाराबाहेर पडली, मग थांबली. मशीनकडे बघून म्हणाली, "हात आहे का ते बघून थांबायला त्याला दोन सेकंद लागतात. तुम्ही त्याला उसासा म्हणायचात. तुम्हाला दहा मिनिटं लागली."

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. खळवाली काहीतरी पुसल्यासारखं करत राहिली. भिंतीवर मामाच्या रेघा होत्या, साडेबारापर्यंतच्या. मी मोजल्या. चौदा. इतक्या कधीच झाल्या नव्हत्या.